एकशे चोपन्न वार

बुधवार, २७ जुलै २०११

टॅक्स क्रेडिटच्या, म्हणजे मुलांसाठी सरकारी पैसे देतात त्या कचेरीला आज फोन केला. चाळीस मिनिटं नुसती पिपाणी ऐकली. तेवढ्या वेळात अर्धा वार लांब गडगा, नुसत्या दगडांची कोरडी भिंत, उभा राहिला असता. शेवटी एक मुलगी बोलायला आली, आवाजावरून विशीतली. म्हणाली, एप्रिल ते एप्रिल वर्षभराची कमाई सांगा. मी म्हटलं, माझा धंदा स्वतःचा आहे, बिलं अजून जुळवलेली नाहीत. ती म्हणाली, मग अंदाजाने सांगा, चालेल.

अंदाज! अंदाजावरच तर पोट भरते मी. फाटकात उभी राहून पडक्या गडग्याकडे एकदा बघते आणि सांगते: साडेअकरा वार, तीन दिवस, आणि दगड अर्धा टन कमी पडेल. दोरी न लावता. ह्या खोऱ्यात असा डोळा एक बाबांचा होता, आणि आता माझा आहे. गडगे घालणारी बाई म्हणून लोकांनी पहिली दोन वर्षं हसून घेतलं. आता फोन करून तारीख मागतात.

तर ह्याच डायरीची पानं उलटली. रोजचे वार मी हवामानाच्या खाली लिहून ठेवते. बेरीज सहाशे वीस वार. बावीस पौंडांनी गुणलं, व्हॅन, डिझेल आणि हातमोजे वजा केले. अकरा हजार दोनशे चाळीस पौंड. ठणकावून सांगितलं.

"नक्की ना? म्हणजे चूक निघाली तर एकतीस जानेवारीपर्यंत दुरुस्त करता येते. त्यानंतर हाच आकडा कायम होतो."

मी म्हटलं, "बाळ, मी अंदाज दिला की दुरुस्ती लागत नाही."

बाबा शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग आहे, कडेकडेचं थोडं दिसतं, पण कान अजून तिखट. म्हणाले, "शाब्बास पोरी. उचललेला दगड खाली ठेवायचा नाही." हा त्यांचा पहिला धडा. दगड हातात घेतला की त्याची जागा शोधून तिथे बसवायचा, ह्याला ठेव त्याला उचल करत बसायचं नाही. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी मला तो शिकवला.

जेवताना त्यांनी रोजचा प्रश्न विचारला. "आज किती?"

"साडेचार वार, नव्व्याण्णव पौंड," मी ठसक्यात सांगितलं. फोन करूनसुद्धा.

शनिवार, ६ ऑगस्ट

कॅल्व्हर्टांची मंडळी दोन दिवस मेंढ्यांच्या प्रदर्शनाला गेली आहेत. तेवढा मोका साधून सकाळी सहालाच स्कार एंडला, म्हणजे त्यांच्या मागच्या रानात गेले. नऊ वार गडगा जमिनीवर लोळत होता.

हा बाबांनी २००५ साली घातला होता. दगडच सगळं सांगतात. सांध्यावर सांधा आलेला. आरपार जाणारा लांब दगड एकही नाही. पोटातली भर हाताने बसवायची सोडून फावड्याने लोटलेली. त्या दोन-तीन वर्षांत त्यांचे डोळे चालले होते आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. चाचपडत रचत राहिले. आता ते गडगे एकेक करून बसतायत, आणि मी ते एकेक करून उभे करते.

त्याचं बिल मी करत नाही. आम्हा आयव्हसनांनी घातलेला गडगा पडला तर आयव्हसनांनीच फुकट उभा करायचा, आजोबांपासून असंच चालत आलंय, त्यात मी काही मोठं करत नाही. फक्त बाबांना कळता कामा नये. आणि शेतकऱ्यांनाही. क्लिफर्ड आयव्हसनचा गडगा मेंढी ओलांडत नाही आणि वारा पाडत नाही, असं हे खोरं म्हणतं. बाबा आहेत तोवर लोकांनी तेच म्हणत राहावं.

आज पाच वार झाले, उद्या चार. असा घातला की बाबांनी पन्नाशीत असाच घातला असता. माथ्याचे दगड लावून झाल्यावर मागे सरून बघितलं आणि ऊर भरून आला. खरं सांगते, वर्षातलं माझं सगळ्यात चांगलं काम असं फुकटातलंच असतं. त्याला बघायला कुणी नसतं एवढंच.

गंमत म्हणजे कुंपणाच्या पायरीवर चहाचा थर्मास होता. एडगर कॅल्व्हर्ट विसरून गेला असणार. वयोमानाने विसरभोळा होत चाललाय बिचारा, मागेही दोनदा असाच विसरला होता. दहा वाजता उघडला तर चहा कडकडीत, दोन चमचे साखर, अगदी मी घेते तसा. पिऊन टाकला, धुऊन परत तिथेच ठेवला.

"आज किती?" बाबा.

"पाच वार."

"कुठे?"

"हाय बर्कला."

"हं," म्हणाले आणि पावाला लोणी लावत बसले.

शुक्रवार, २ सप्टेंबर

कचेरीचं पत्र आलं. माझी कमाई वाढलेली दिसते म्हणून आठवड्याचे पैसे सव्वीस पौंडांनी कमी केलेत. हे पैसे सरकार थोडकं कमावणाऱ्या लेकुरवाळ्यांना देतं, आणि मी आता थोडकं कमावणाऱ्यांत जरा वरच्या पायरीवर बसले म्हणायचं. आधी वाईट वाटलं. मग पत्र चुलीवरच्या फळीवर उभं करून ठेवलं. गडगे घालून एवढं कमावल्याचं सरकारी पत्र ह्या खोऱ्यात किती बाप्यांच्या घरी येतं?

हॅटी म्हणाली, "आई, पैसे कमी झाल्याचं पत्र कुणी शोभेला लावतं का?" अकरा वर्षांची आहे. जीभ माझी घेतलीय आणि नाक तिच्या बापाचं. त्याचं तेवढंच इथे राहिलं, बाकीचा जगाच्या दुसऱ्या टोकाला पर्थला गेला.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

पाऊस, पाऊस आणि पाऊस. महिन्यात नऊ दिवस काम. ओल्या दगडाला पकड नसते आणि पायाखालची चिकणमाती बूट सोडत नाही. घर तापवायचं तेल भरायला आलं. व्हॅनने तपासणीत मार खाल्ला, खालून गंजलीय म्हणे. ते सव्वीस पौंड आता रोज आठवतात.

पोस्टात पाटी लागली आहे. खालच्या चीजच्या कारखान्यात पॅकिंगला बाया हव्यात, सकाळी सहा ते दोन, फेब्रुवारीपासून. पोस्टातली मुलगी म्हणाली, "लोर्ना, तुझ्यासाठी बरंय की. छप्पर असतं, केसांना जाळी देतात." मी म्हटलं, माझ्या केसांना वारा पुरतो. पण पाटीवरचा नंबर लिहून आणला. इथे खरं लिहायला हरकत नाही: आणला.

गुरुवार, १० नोव्हेंबर

रागातच लिहितेय.

दर गुरुवारी चॅपलच्या मागच्या खोलीत कॅल्व्हर्टबाई लोकांचे फॉर्म भरून देतात. एडगरची बायको. शाळेत आम्हाला गणित त्यांनीच शिकवलं, म्हणून त्या अजून सगळ्या खोऱ्याच्या बाईच आहेत. वर्षाचा कर भरायचा म्हणून बिलं, बँकेचं पुस्तक आणि टॅक्स क्रेडिटचं पत्र घेऊन गेले.

"नीट बस," बाई म्हणाल्या. "शाळेतसुद्धा अशीच खुर्चीच्या टोकावर बसायचीस."

पेन्सिलीने सगळं मांडलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बिलं चारशे सहासष्ट वारांची आहेत. बँकेत आलेले पैसेही तेवढेच. कचेरीला तू सांगितलंस सहाशे वीस. एकशे चोपन्न वार कुठे गेले?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डायरीतले सगळे वार मी गुणले होते. पैसे घेतलेले, आणि न घेतलेलेही. बाबांचेही. लिहिताना मी वेगळे काढतच नाही, आणि का काढू? ते घालताना हात तेवढेच सोलतात. पण आता हे बाईंना कसं सांगायचं? त्या एकशे चोपन्न वारांतला मोठा तुकडा त्यांच्याच रानात उभा आहे.

"कुणी पैसे बुडवले का?"

"नाही."

"मग रोख घेतलेस?"

"बाई!"

"ओरडू नकोस. मी नाही विचारलं तर ते विचारतील. अगं वेडाबाई, ह्यात तुझंच नुकसान आहे. कमाई जवळपास साडेतीन हजारांनी जास्त सांगून बसलीस, म्हणून पैसे कमी मिळतायत. वर्षाचे चौदाशेच्या घरात जातात. एकतीस जानेवारीच्या आत दुरुस्त केलं तर मागचे मिळतील आणि पुढचेही वाढतील. एक फोन, बस. फक्त फरक का पडला ते खरं सांगायचं."

मी बँकेचं पुस्तक मिटलं.

"लोर्ना, मला अंदाज आहे. पण ते तुझ्या तोंडून यायला हवं."

म्हणजे चोरच ठरवलं की मला! आयव्हसनांच्या मुलीला! कागद गोळा केले आणि निघून आले. दार आपटलं. चॅपलचं दार आयुष्यात पहिल्यांदा आपटलं.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

राग थोडा निवळला. आता विचार करते.

फोन मी एकटीही करू शकते. पण मग बाई म्हणणार, रोख खाल्लं आणि वर सरकारकडूनही घेतलं. नुसत्या मनात म्हणाल्या तरी मला सोसणार नाही. बाईंना खरं सांगितलं तर एडगरला कळणार, एडगरला कळलं की बाजाराच्या दिवशी सगळ्यांना कळणार, आणि बाबा तिथे चाचपडत बाकावर बसलेले असणार. चाळीस वर्षांचं नाव तीन वर्षांच्या गडग्यांवरून जाणार.

आणि अजून एक आहे, ते फक्त इथेच लिहिते. माझा अंदाज चुकला. अर्ध्या वाराने नाही, पाव हिश्शाने चुकला. ते मला त्या पोरीला फोनवर सांगायचं नाहीये. तिच्याशी काय तोऱ्यात बोलले होते मी.

राहू दे आकडा. उचलला तो उचलला.

शनिवार, २४ डिसेंबर

एडगर अर्धं कोकरू देऊन गेला. तीन वर्षं दर नाताळला देतोय, कारण विचारलं तर म्हणतो, घरी एवढं मांस खपत नाही. मला ते परत पाठवावंसं वाटत होतं, बाईंचा राग होता म्हणून. पण हॅटीने तोवर फ्रीजमध्ये टाकलंसुद्धा.

तो बाबांशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होता. मी चहा घेऊन गेले तर दोघेही हवापाण्यावर आले.

मंगळवार, १७ जानेवारी २०१२

चीजच्या कारखान्याचं उत्तर आलं. घेतलं मला. सहा फेब्रुवारी, सोमवार, सकाळी सहा. पगार ठरलेला, पाऊस असो की बर्फ.

बाबांना सांगितलं की हिवाळ्यापुरतंच आहे. त्यांनी मान हलवली. हिवाळ्यापुरतं गेलेलं माणूस परत गडग्यावर आल्याचं मी पाहिलेलं नाही, त्यांनीही नाही. माझ्यानंतर खोऱ्यात गडगे घालणारं आयव्हसन कुणी नसणार. हातोडे वंगण लावून कापडात गुंडाळले आणि मग उगाच परत सोडले.

गुरुवार, १९ जानेवारी

बाईंनी हॅटीच्या हातून चिठ्ठी पाठवली. मी व्हॅनखाली होते, तर हॅटीने ती सरळ आजोबांना वाचून दाखवली. मी आत आले तेव्हा शेवटचं वाक्य चाललं होतं: "एकतीस तारखेनंतर तो आकडा दगडावरची रेघ होईल आणि त्या एकशे चोपन्न वारांचं कारण सांगून काही उपयोग होणार नाही. हट्ट सोड. तुझी बाई."

मी चिठ्ठी हिसकावली. बाबांनी खुर्ची मागे सरकवली. म्हणाले, "शनिवारी मला स्कार एंडला ने."

"थंडी आहे बाबा. दिसायचंही नाही तुम्हाला."

"दिसायला कशाला हवं? मला हात लावायचाय."

शनिवार, २१ जानेवारी

सगळं जसं झालं तसं लिहून ठेवते, नाहीतर नंतर मी त्याला रंग चढवीन.

अकराच्या सुमारास स्कार एंडच्या मागच्या रानात व्हॅन लावली. ऊन होतं, वारा बोचरा. मी त्यांचा हात धरायला गेले तर झिडकारला. हातमोजे काढून खिशात कोंबले, उजवा हात गडग्यावर ठेवला आणि चालायला लागले. मी मागे मागे. मनात म्हणत होते, काही कळायचं नाही, मी अगदी त्यांच्यासारखाच घातलाय.

वीसेक पावलं चालले. मग थांबले. हात थोडा मागे नेला, परत पुढे आणला. खाली वाकून बोटं फटीत घातली, भर चाचपली.

"इथपर्यंत माझं," म्हणाले. "इथून तुझं."

मी म्हटलं, "बाबा, हा सगळा तुमचाच आहे."

"लोर्ना, थापा मारू नकोस. तुला येत नाहीत. माझ्यात सांध्यावर सांधा आहे, लाज वाटावी असा. तुझ्यात चाकूसुद्धा जायचा नाही." मग गडग्याला पाठ टेकून उभे राहिले. "त्या वर्षाचे एकशे चोपन्न वार. हाय बर्कला अठ्ठावीस, निकलच्या ओढ्याकाठी एकेचाळीस, चॅपलमागे सतरा, उरलेले इथले."

बाईंच्या चिठ्ठीत नुसती बेरीज होती. जागा डायरीतच आहेत, आणि डायरी त्यांना वाचता येत नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच. रोज संध्याकाळी. पैशाचं काम केलंस की वारांमागोमाग पौंड सांगतेस, कोंबडीने अंडं घालून आरडावं तसं. आणि काही दिवशी नुसते वार सांगतेस आणि पाव चावत बसतेस. त्या दिवसांचे वार मी मोजत गेलो. कुठले ते काय, तू जागा खोटी सांगितलीस तरी माझे वाईट गडगे कुठे आणि किती आहेत हे मला माहीत नसेल?"

मला रडू आलं. रडले. लिहायला लाज नाही.

ते म्हणाले, "मी बोललो नाही ते माझं चुकलं. वाटलं, पोरगी झाकतेय तर झाकू दे. बरं वाटायचं झाकलेलं. पण तू माझी लाज झाकायला चीजच्या डब्यांत जाऊन बसणार असशील तर मी आत्ता हाताने पाडतो हे सगळं."

"आकडा देऊन बसलेय बाबा. उचललेला दगड..."

"त्याचं काय?" असे खेकसले की पलीकडच्या मेंढ्या उठल्या. "हातातला खाली ठेवू नकोस म्हणालो. चुकीचा बसलेला काढू नकोस असं कधी म्हणालो? एकसष्ट साली तुझ्या आजोबांनी माझा आठ वार गडगा, माथ्यापर्यंत आलेला, एका दगडासाठी उतरवायला लावला. तळातला दगड आडवा ठेवायचा तो मी उभा ठेवला होता. पाऊस पडत होता. मी एकवीस... नाही, चोवीस वर्षांचा होतो, लग्न ठरलेलं होतं, आणि बघायला तुझी आई उभी होती."

"मग?"

"मग काय, उतरवला. आणि परत घातला. जा, तो अजून उभा आहे, शाळेच्या वरच्या अंगाला."

मी तो गडगा रोज बघत आलेय. उतरवून घातलेला आहे असं कधी वाटलं नाही.

गुरुवार, २६ जानेवारी

बाबा माझ्याबरोबर आले. रविवारचा कोट, टाय, दाढी दोनदा केलेली. मी म्हटलं, तुम्ही व्हॅनमध्ये बसा, मी सांगते. ऐकतील तर शपथ.

खोलीत पाच-सहा जण फॉर्म घेऊन बसले होते. निकलचा म्हातारा जोसाया, हाय बर्कची सून, अजून दोघं-तिघं. आत शिरल्याबरोबर बाबांनी टोपी काढली आणि बाईंच्या टेबलाचा अंदाज घेत उभे राहिले. बाईंनी हळूच घसा खाकरला, तेव्हा तोंड त्या बाजूला वळवलं.

"डोरीन," मोठ्याने म्हणाले, एरवी चॅपलमध्ये गातात तेवढ्या मोठ्याने. "शेवटच्या तीन वर्षांत मला दिसत नव्हतं. मी ते लपवलं आणि वाईट गडगे घातले. तुमच्याकडे, निकलला, हाय बर्कला आणि ह्या चॅपलमागे. माझ्या मुलीने त्यातले एकशे चोपन्न वार उभे केले आणि एक पेनी घेतली नाही. रोख नाही, उधार नाही. फरक का पडला विचारत होतीस. हा असा."

मला बाबांकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना.

मग जोसाया म्हणाला, "क्लिफ, माझ्याकडे तुझा सहाशे वार गडगा आहे. त्यातला एकेचाळीस पडला. उरलेल्याबद्दलही बोल की काहीतरी, की नुसतं रडगाणंच गाणार आहेस?"

हाय बर्कची सून फिस्सकन हसली. बाबासुद्धा हसले.

बाईंनी चष्मा पुसला. मला वाटलं, आता माझी माफी मागतील. तर म्हणाल्या, "लोर्ना, खुर्चीवर नीट बस. फोन लाव."

लावला. पिपाणी, अर्धा तास. ह्या वेळी बाप्या आला. मी नाव-नंबर सांगितला आणि म्हटलं, "जुलैत मी कमाईचा अंदाज दिला होता. तो चुकला. अकरा हजार दोनशे चाळीस नाही, सात हजार आठशे बावन्न." एका दमात म्हटलं, थांबले नाही. वाटलं होतं जीभ अडेल. अडली नाही.

"एवढा फरक कशाने, मॅडम?"

मी तोंड उघडणार तोच बाबांनी फोन काढून घेतला. "लिहा. बापाचे गडगे पडत होते, मुलगी फुकट उभे करत होती, आणि ते वार तिने कमाईत धरले."

पलीकडे टकटक, मग थांबली. बाबांनी कानापासून फोन थोडा दूर धरला होता, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. "सर, रकान्यात एवढं मावत नाहीये."

"मग दुसरा रकाना घ्या," बाबा म्हणाले. "आमच्याकडे वेळ आहे."

त्याने घेतला.

परतताना व्हॅनमध्ये बाबा म्हणाले, "हिशेबात धरलेसच का पण ते वार? बिल तर केलं नव्हतंस."

मी म्हटलं, "चांगले झाले होते म्हणून."

त्यावर ते खिडकीकडे तोंड करून बसले. दिसत काही नव्हतं त्यांना तिकडे. घर येईपर्यंत तसेच बसले होते.

सोमवार, ६ फेब्रुवारी

आज सहा वाजता मला जाळी घालून चीजच्या सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहायचं होतं. शुक्रवारीच फोन करून नाही म्हणून सांगितलं. कचेरीचं नवीन पत्र यायचंय, पण बाईंनी वहीत मांडून दाखवलंय: मागचे एकरकमी येतील, आठवड्याचे सव्वीस परत सुरू होतील. व्हॅनचा पत्रा आणि तेल निघेल. बाकी माझे हात आहेत.

स्कार एंडला अजून अकरा वार वाकलेला आहे, तो पडायच्या आत उतरवून घालायला घेतला. बाबांना बरोबर नेलं. गारठ्याने दगड एकमेकांना चिकटले होते, दहापर्यंत सुटेनात. मग सुटले. बाबा उलट्या बादलीवर बसून भर बसवत होते, एकेक कपची हाताने फिरवून, नखाने चाचपून. फावड्याला हात लावला नाही. त्यांच्यासारखी भर माझ्याने अजून बसत नाही, हे आज कबूल करते.

दुपारपर्यंत तीन वार. गारठा, आणि मी तीन वार! डायरीत वेगळ्या रांगेत लिहिले, "बाबा आणि मी, बिल नाही." ह्यापुढे ती रांग वेगळीच राहणार. लपवायला नाही, बेरजेत घुसू नये म्हणून.

एडगरचा थर्मास आजही पायरीवर राहिला होता, आणि ह्या वेळी शेजारी दोन कप. एक माणूस चहा विसरू शकतो, पण दोन कप मांडून विसरतो म्हणजे आता काळजीच आहे. मी बाबांना म्हटलं, बाईंच्या कानावर घालायला हवं, डॉक्टरांना दाखवतील.

बाबांनी कप दोन्ही हातांत धरला, वाफेत तोंड घातलं. "नको," म्हणाले. "चहा पी, पोरी. निवतोय."